पेंढा दिसला की काडी

२८ एप्रिल १९७१

घर सोडून जाणाऱ्या बाईनं आधी ओव्हन बंद करावा. जायला माझी ना नाही, पाय तुझे आहेत. पण शनिवारचे बीन्स आत ठेवून तू गेलीस. मी दिवसभर चर्चच्या स्वयंपाकघरात गावजेवणाचे बटाटे सोलत होते, आणि तुझ्या त्या मर्टनच्या अंगालाच त्या दिवशी धुराचा वास होता, त्याला घरातला धूर काय कळणार. संध्याकाळी येऊन बघते तर मडक्यात कोळसा. काकवी तळाला अशी धरली आहे की चार दिवस भिजत घातलंय, सुरीनं खरवडतेय, निघत नाही. मडकं माझ्या आईचं आहे. तिच्या हातून त्यात काही करपलं नाही, माझ्या हातून नाही. तुझ्या हातूनही करपलं नसतं, पण तू तेव्हा बसमध्ये बसली होतीस.

आता खुशाली विचारते. नीट पोचलीस का? मेनपासून न्यू जर्सीपर्यंत बसनं जायचं म्हणजे पाय सुजले असतील. सुजू देत.

मला लिहायची सवय नाही. पाचवीत शाळा सुटली, तेव्हापासून माझा हात ब्लूबेरी ओरबाडायच्या दाताळ्यावर बसलाय. अक्षर लागलं नाही तर मोठ्यानं वाच म्हणजे कळेल.

तू रागात गेलीस, त्यामुळे झालेलं तुला अर्धंच माहीत असणार. शनिवारी सकाळी मर्टननं मागचा ब्लूबेरीचा माळ भाजला. यंदा खालच्या अर्ध्या माळाची पाळी होती. वारा पडलेला, जमीन ओली, शेजारचा थर्लो पाण्याचा डबा पाठीवर घेऊन कडेला उभा. सगळं रीतीप्रमाणे. माळ भाजून झाला, आणि परत येताना त्याला परसात तुझी ती जर्सीची सहा झुडपं दिसली, बुडाशी पेंढा पसरलेला. आमच्याकडे ब्लूबेरीत पेंढा कशाला असतो हे तुला सांगायला नको. पानगळीत पसरायचा, बर्फ गेलं की पेटवायचा. वरचं जळून जातं, खालून दुप्पट येतं. बापजाद्यांपासून हेच चाललंय. पेंढा दिसला की काडी. त्यानं लावली. त्याच्या मते तुझं एक काम वाचवलं.

हे तो म्हणतो. मी काय म्हणते ते अजून लिहिलेलं नाही.

खरं सांगते, तुझी ती छातीएवढी झुडपं मला कधी आवडली नाहीत. ब्लूबेरी घोट्याएवढी उंच असावी. माणसानं वाकावं, कंबर मोडून घ्यावी, तेव्हा ती हातात यावी. उभ्यानं तोडायची म्हणजे दोरीवरचे कपडे काढल्यासारखं. आणि मागच्या दोन्ही वर्षी तू त्यांची फुलं खुडलीस, एकेक, दोन बोटांनी. गावातल्या बाया कुंपणापाशी थांबून बघायच्या. मीच तुला म्हणाले होते, "जर्सीत पोरंही अशीच वाढवतात काय, तोंडचं काढून घेऊन?" तू वरदेखील न बघता म्हणालीस, "आधी मूळ, मग फळ."

यंदा तू खुडणार नव्हतीस. मला कुणी सांगितलं नव्हतं, पण पक्ष्यांसाठी जाळी आणून ठेवलेली मी पाहिली होती. ती कोठीत आहे. उंदरांनी कुरतडू नये म्हणून वर टांगली.

झुडपांच्या जागी काळ्या काड्या उभ्या आहेत. मी मुद्दाम बघायला जात नाही. कपडे वाळत घालायला जाते तेव्हा दिसतात.

लिही.

आर्विला ड्रिस्को
तुझ्या नवऱ्याची आजी, विसरली असशील तर


३१ मे

तुझा एवढा मोठा कागद आणि त्यावर एकच ओळ. "मी सांगितलेलं त्यानं ऐकलं होतं की नाही, तेवढं कळवा." ना खुशाली, ना मडक्याबद्दल शब्द. पोस्टातल्या ऑपलनं पाकीट उजेडाला धरलं असणार, कारण मला देताना म्हणाली, "लहानसंच दिसतंय."

त्याचं उत्तर मी आज देत नाही. आईबाप गेल्यावर मर्टनला मी वाढवला. त्याच्या नाकातला शेंबूड मी काढलाय. त्याच्याविरुद्ध कागदावर काही लिहायचं तर मला वेळ लागेल. त्याच्या बाजूनं लिहायचं तरी लागेल.

दुसरं सांगते. पंपाजवळच्या झुडपाच्या बुडातून लाल कोंब वर आलेत, करंगळीएवढे. मला आधी वाटलं तणच आहे, उपटणार होते. चष्मा लावून खाली बसले, मग पटलं. परवा बाकीच्यांनाही फुटले. वरच्या काड्या मेल्यात, त्या मी कापल्या नाहीत. कापायच्या की नाही मला माहीत नाही, आणि न माहीत असलेल्या गोष्टीला हात लावायचा नाही एवढं या वर्षी शिकायला मिळालं.

थर्लो चुलीतली राख बादलीभर घेऊन आला. म्हणाला, "आर्विला, राखेनं मेलेलं उठतं." मी म्हटलं, आधी स्वतःच्या टकलावर टाक, उगवलं तर मग बघू. तुझ्या झुडपांना आंबट माती लागते आणि राखेनं आंबटपणा मरतो, हे त्याला सांगितलं तर तो मला हसला. पहिल्या वर्षी तू माझ्या हातातून अशीच बादली हिसकावली होतीस. मी दोन दिवस तुझ्याशी बोलले नव्हते. पण डोक्यात राहिलं. या घरात तुझं बोलणं डोक्यात राहिलं ते माझ्याच, हे माझं नशीब.

काळ्या माश्यांनी यंदा जीव नकोसा केलाय. मान सुजून भोपळा झाली आहे. तरी सकाळी विहिरीवर जातेच आहे तर एक बादली तिकडे ओतावी म्हणून जाते. त्यात काही माया नाही, रस्त्यातच पडतं. पण जाऊन बघते तर माती आधीच भिजलेली. पहिल्या दिवशी म्हटलं दव असेल. दवाला बूट नसतात हे मलाही कळतं. नंतर एका सकाळी सगळ्या बुडांशी पाइनच्या सुयांचा जाड थर दिसला. नीट अंथरलेला, खोडापासून चार बोटं लांब, तू करायचीस तसा. पेंढ्याची एक काडीही नाही.

मी विचारलं नाही. मर्टननं सांगितलं नाही. आम्ही समोरासमोर बसून मासे खाल्ले आणि हवेबद्दल बोललो. या घरात असंच चालतं. तू त्या आगीमुळेच गेलीस असं मी सगळ्यांना सांगत होते. तुझी ती ओळ वाचल्यापासून सांगायचं बंद केलंय.

मान खाजते आहे, थांबते.

आर्विला


२२ ऑगस्ट

माझी पाठ गेली आहे. डॉक्टर म्हणतो या वयात दाताळं धरायचं नाही. मी म्हटलं, मग या वयात करायचं काय, खुर्चीत बसून तुझी वाट बघायची? तरी चार दिवस मी नुसती डबे मोजणाऱ्याच्या शेजारी बसून आहे आणि सगळ्यांना शिव्या देते आहे, तेवढंच काम.

हंगाम बरा आहे. कॅनडातून नेहमीची मिकमॅक आदिवासी मंडळी तोडणीला आली आहेत. माळावर दोऱ्या बांधून पट्टे पाडलेत. त्यांच्यातली ती म्हातारी, जिला तू मागच्या वर्षी टोपी दिली होतीस, तिनं विचारलं तू कुठे आहेस. मी सांगितलं माहेरी. ती दाताळं घेऊन खाली वाकली. डोक्यावर तुझीच टोपी होती.

तुझं पत्र आलं. या खेपेला पान भरलेलं होतं, पण मला आधीचं एका ओळीचं बरं वाटलं. पानं लाल होऊन गळली की तू भावाचा ट्रक घेऊन येणार, सहाही झुडपं मुळासकट काढून जर्सीला बापाच्या परसात लावणार, आणि मग इथं यायचं कारण उरणार नाही. बरं. झुडपं तुझी, घाम तुझा. मी अडवणार नाही. तुझ्या जागी असते तर मी बीन्सचं मडकंसुद्धा नेलं असतं.

पत्र मी मर्टनला वाचून दाखवलं. दुपारची सुट्टी होती, सगळे ट्रकच्या सावलीत डबे उघडून बसले होते. मी आवाज खाली ठेवला होता, पण माझा खालचा आवाज तुला ठाऊक आहे. तो सँडविच खात होता. खायचं थांबला, कागदात गुंडाळून खिशात ठेवलं. मग मला बाजूला घेऊन म्हणाला की तिला लिही, पेंढ्याचं मला कुणी सांगितलं नव्हतं. तू लिहिलंस तर ती मानेल.

एवढंच बोलला, आणि संध्याकाळपर्यंत एकट्यानं दोन पट्टे उरकले. दाताळं असं मारत होता की डब्यात फळांपेक्षा पानं जास्त. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर त्यानंच त्याला माळावरून हाकलला असता.

तू मानशील, हे त्याचं बरोबर आहे. या घरात आल्यापासून मी तुला एकही गोड शब्द बोललेली नाही. तुझं सूप पातळ, तुझ्या पावात मीठ कमी, तुझी झुडपं लंबूटांग, सगळं तोंडावर सांगितलं. अशा बाईनं लिहिलं की मर्टनला कुणी सांगितलं नव्हतं, तर ते खरंच वाटणार. तू ट्रक आणणार नाहीस. बॅग घेऊन येशील. थंडीत लाकडं आत आणायला दोन हात होतील, संध्याकाळी टेबलाशी बसून बोलणारं कुणीतरी असेल. मला हे सगळं दिसतं. एका ओळीचं काम आहे.

अजून मी ती ओळ लिहिलेली नाही. लिहिणार नाही असंही म्हणत नाही. तू विचारलेलं विसरले नाही एवढं ध्यानात ठेव.

तुझ्या झुडपांचे कोंब आता माझ्या गुडघ्याच्या वर गेलेत. हरणानं एकाचा शेंडा खाल्ला. तेव्हापासून भोवती कोंबड्यांची जाळी आली आहे. कुणी लावली म्हणून विचारू नकोस, मी विचारलेलं नाही.

आर्विला


१० ऑक्टोबर, रविवार

तुझ्या भावाला सांग, ट्रक घेऊन येताना चर्चकडच्या रस्त्यानं यावं, खालचा पूल दुरुस्तीसाठी बंद केलाय आणि कुणी पाटी लावायचे कष्ट घेतलेले नाहीत. रात्री आला तर सरळ ओढ्यात जाईल.

माळ लाल झाला आहे. तुझी झुडपंही लाल झाली. पानं अजून धरून आहेत.

आता तू विचारलेलं.

मागच्या नोव्हेंबरात हरणांच्या शिकारीचा पहिला आठवडा होता. तू बाहेरून आलीस, स्वेटरला पेंढा चिकटलेला. मी बटाटे सोलत होते, मर्टन टेबलावर बंदूक उघडून पुसत होता. तू म्हणालीस, मर्टन, मी झुडपांना पेंढा घातलाय, तो थंडीसाठी आहे, जाळायचा नाही. तुमच्या माळावरच्यासारखी ही जमिनीखालून पसरत नाहीत, जळली तर तीन वर्षं वाया. तो म्हणाला, "हं."

ख्रिसमसच्या आसपास तू पुन्हा सांगितलंस. तेव्हा तो म्हणाला, "ऐकलं." तू विचारलंस, "काय ऐकलंस?" तो म्हणाला, "पेंढा."

तू हसलीस. मला वाटलं मजेत हसलीस. मार्चमध्ये तू तिसऱ्यांदा सांगितलंस का, ते मला माहीत नाही. मी तिथं नव्हते. सांगितलं असशील.

तेव्हा उत्तर असं. त्याच्या कानावर पडलं होतं, आत गेलं नव्हतं. तुझी उंच झुडपं गावाला खुपतात म्हणून त्यानं मुद्दाम जाळली असं काहीजण बोलतात, ते मूर्ख आहेत. त्याच्यात तेवढा कावा नाही. पण "मला कुणी सांगितलं नव्हतं" हे खोटं आहे. ते मी लिहिणार नाही. तुला मी बरीच बोलणी दिली, खोटं कधी दिलं नाही, आणि आता या वयात सुरुवात करायची म्हणजे फार त्रास.

त्याचा आजोबा, माझा एव्हरेट, असाच होता. मी चाळीस वर्षं बोलले, पालथ्या घड्यावर पाणी. लोक म्हणतात आर्विलानं संसार केला. मी गेले नाही कारण मला जायला जर्सी नव्हती. त्याचं कुणी कौतुक करू नये. तुला आहे, तर तू गेलीस.

इथवर लिहून मी पेन ठेवलं आणि कागद मर्टनपुढे सरकवला. त्याच्यामागे त्याच्याबद्दल लिहिणं मला जमत नाही. त्यानं टोपी न काढताच वाचलं. हळू वाचतो तो, ओठ हलतात. "पेंढा" या शब्दापाशी ओठ थांबले. मग पुढे वाचलं. पुन्हा मागे आला.

मला वाटलं उठून गोठ्याकडे जाईल. गेला नाही. म्हणाला, "आजी, त्या जागी कुणीही काडी लावली असती."

मी म्हटलं, "हो. पण तिनं त्या कुणाला सांगितलं नव्हतं. तुला सांगितलं होतं."

चुलीत मी दोनदा लाकूड घातलं. कॉफी गार झाली, ती त्यानं तशीच प्यायली. मला वाटलं झालं, आता हा नाताळपर्यंत बोलत नाही. तेवढ्यात म्हणाला, तिचा भाऊ एकटाच येणार का. मी म्हटलं मला काय ठाऊक. तो म्हणाला त्याला आपली जमीन माहीत नाही, इथं दोन वितींवर खडक आहे, फावडं आदळेल, मुळं तुटतील. मी काढून ठेवतो झुडपं. ओल्या गोणपाटात बांधून ठेवतो, ते आले की नुसती ट्रकात चढवायची.

मला राग आला होता. बायको थांबावी म्हणून याला काही सुचलं नाही, तिला जायला मदत करायची तेवढी सुचली.

मग तो म्हणाला, "तिला विचार ना, मुळं किती लांब जातात. आपल्या माळावरच्यासारखी आडवी धावतात की खाली जातात? कुठून खणायला सुरुवात करायची?"

फिलोमेना, हा माणूस चौतीस वर्षं माझ्या घरात आहे. विहीर कुठं खणायची हेसुद्धा यानं कधी कुणाला विचारलं नाही. तुझं गाव कुठलं हे त्याला लग्नाच्या दिवशी पाद्र्यानं सांगितलं. एप्रिलात विचारलं असतंस तर जास्त उपयोग झाला असता, असं मी त्याला तोंडावर सांगितलं. तो म्हणाला, "हो."

मी त्याला सांगितलं की मी विचारणार नाही. मी तुमच्या दोघांमधली तार नाही. कागद उरलाय, पेन समोर आहे. तो म्हणाला मला लिहिता येत नाही असलं काही. मी म्हटलं माझी शाळा पाचवीत सुटली, तू आठवी झालास, लाज धर.

सोबतचा कागद त्याचा आहे. तासभर लागला त्याला, आणि पलीकडून पाहिलं तर तीन-चार ओळीच दिसल्या. मी वाचलेलं नाही. वाचलं असतं तर चुका काढल्या असत्या.

आता नीट ऐक. मुळं किती लांब जातात ते त्याला लिही. न्यायची असतील तर न्यायची म्हणून त्याला लिही, ठेवायची असतील तर ठेवायची म्हणून त्याला. शिव्या द्यायच्या असतील तर त्याही त्यालाच. तुझ्या भावानं तुझ्या वतीनं काही लिहायचं नाही, आणि तू मला लिहायचं नाहीस. ऑपलला मी सांगून ठेवलंय, जर्सीचं पाकीट माझ्या नावानं आलं तर न फोडता परत पाठव. जमीन गोठायच्या आत उत्तर पाहिजे. तू द्यायचं, मर्टनला द्यायचं.

आर्विला